पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी

बाहेरच्या खोलीत, घड्याळाच्या खाली, एक फोटो टांगलेला होता आणि धाकटीचा त्या फोटोवर राग होता. आदळआपट करावी असा राग नव्हे. दर रविवारी ती तो उतरवून काच पुसायची, परत टांगायची, वाकडा झाला तर सरळ करायची. पण चोपन्न वर्षांच्या शहाण्यासुरत्या बाईला एखाद्या फोटोचा येऊन येऊन जितका राग येईल तितका तिला येत होता, आणि तो बोलून दाखवायला घरात माणूस नव्हतं. घरात ती आणि आई, दोघीच.

फोटो एका प्रचंड मोठ्या, पाळण्यांच्या नि खेळांच्या पार्कातला होता. मागे दुमजली घराएवढा प्लास्टरचा हत्ती. हत्तीपुढे वडील, वर्गात उभं केल्यासारखे ताठ. शेजारी आई, तोंडभर हसणारी. दादा नऊ वर्षांचा, डोक्यावर कागदी मुकुट घालून स्वतःला राजा समजणारा. आणि सगळ्यांच्या पुढे सहा वर्षांची एक मुलगी. छातीवर बारीक चुण्यांचा पिवळा फ्रॉक, घट्ट दोन वेण्या आणि तोंडासमोर म्हातारीचे केस, म्हणजे काडीवरच्या त्या गुलाबी साखरेचा हा एवढा थोरला फुगारा. चेहरा म्हणून दिसायचं ते फक्त कपाळ. कुणीही विचारलं की घरचे सांगायचे, ही आमची धाकटी.

ती धाकटी नव्हतीच. त्या दिवशी धाकटी कांजिण्यांनी फुललेली, समोरच्या इस्त्रीवाल्याच्या घरी पडून होती.

झालं होतं असं. वडील छापखान्यात होते आणि वर्षभरात एकही खाडा न केल्याबद्दल मालकांनी त्यांना पार्काचे चार पास दिले होते, दोन मोठ्यांचे, दोन मुलांचे. त्या आधी त्या घरातलं कुणी कधी कुठे गेलेलं नव्हतं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आईने धाकटीला नवा फ्रॉक शिवला, चुण्या घालता घालता बोटांची चाळण करून घेतली. आणि जायच्या दोन दिवस आधी धाकटीच्या पोटावर पहिला फोड आला. पासावर तारीख छापलेली. वडील म्हणजे चुकीचा छापलेला कागदसुद्धा पाठकोरा म्हणून वापरणारा माणूस, पास वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. मग ठरलं की इस्त्रीवाल्याची मुलगी पिंगी हिला धाकटीच्या पासावर न्यायचं आणि तिच्या आईने धाकटीला दिवसभर सांभाळायचं. पिंगीकडे बाहेर जायचा धड कपडा नव्हता, म्हणून तिला तो पिवळा फ्रॉक घातला.

धाकटीला तो दिवस लख्ख आठवत होता. गरम कापडाचा वास. खाजवू नये म्हणून दोन्ही हातांवर चढवलेले वडिलांचे मोजे. लोकांच्या इस्त्री व्हायच्या चादरींच्या गठ्ठ्यावर ती पडली होती आणि पिंगीची आई मधून मधून येऊन कपाळाला हात लावत होती. बाई मायाळू होती, तक्रारीला जागा नाही. संध्याकाळी सगळे परत आले. वडिलांनी तिच्यासाठी आणलेली शिटी हातात दिली, दादाने मुकुट घालायला दिला आणि लगेच काढून घेतला. फ्रॉक परत आला तेव्हा छातीवर गुलाबी डाग होता. तो धुऊनही पुरता गेला नाही, आणि फ्रॉक आखूड होईपर्यंत धाकटी डागासकट तो घालत राहिली.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. आजारपण कुणाला चुकलंय? खरं बिघडलं ते पुढे वीस वर्षांनी. इस्त्रीवाला घर सोडून गेला होता, पिंगी कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दादाची नवी नवरी भिंतीवरचे फोटो बघत हिंडत होती. तिने विचारलं, "ही छोटी कोण हो?" आई म्हणाली, "आमची धाकटी. आणखी कोण असणार?"

धाकटी तेव्हा दारातच उभी होती, हातात कपबशांचा ट्रे. तिने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी वर्तमानपत्राची घडी नीट करायला घेतली. नव्या सुनेसमोर आईला खोटं कसं पाडायचं, म्हणून धाकटी गप्प बसली. एवढंच तिचं चुकलं. कारण त्या दिवसापासून ती पार्कात जाऊन आलेली ठरली. दादा तर असा काही सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं याने काल पाहिलंय. "भूतबंगल्यात हिने असं भोकाड पसरलं की भुतं घाबरली!" रडलेली असायची पिंगी, हसं व्हायचं धाकटीचं. पुढे दादाची मुलं मोठी झाली, सगळे मिळून पार्कात जायचं ठरलं, तेव्हा दादा सहज म्हणाला, "तुझं तर बघून झालंय. तू थांबशील ना बाबांपाशी?" बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ती थांबली.

अशी ती थांबतच आली. लग्न जमता जमता राहिलं, वडील गेले, दादा बायकोमुलांसह लांबच्या शहरात स्थायिक झाला. ती एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायची. प्लास्टरचे साचे, मेण, त्यात एकेक दात ओळीने बसवणं, मग घासून गुळगुळीत करणं. तिच्या हातच्या कवळ्या घालून गावभर माणसं हसत होती आणि तिला त्यातलं एकही माणूस ओळखत नव्हतं. डॉक्टर साचे पाठवत, ती दात पाठवी. घरी आलं की आई.

आणि आता आईचं विसरणं सुरू झालं होतं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की हे वाढत जाणार. ऐकताना धाकटीच्या मनात जे आलं त्याची तिला स्वतःलाच लाज वाटली. तिला वाटलं, आता घाई करायला हवी. दादाला स्वतःचीच गोष्ट केव्हाच खरी वाटू लागली होती, पिंगीचा पत्ता नव्हता; धाकटी त्या दिवशी तिथे नव्हती हे जाणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. आईचं ते आठवणं गेलं की खरी गोष्ट गेली. मग मोजे घातलेल्या हातांची ती मुलगी कुठेच राहणार नव्हती, ना पार्कात ना घरात. तिला माफी नको होती. कुणीतरी एकदा "तू नव्हतीस" म्हणावं, एवढंच हवं होतं.

तिने आडून आडून विचारून पाहिलं. "आई, फोटोतली ही कोण गं?"

"तू. तुला दिसत नाही?"

"नीट बघ. मला तेव्हा कांजिण्या आल्या होत्या ना?"

"त्या नंतर आल्या," आई ठामपणे सांगायची. उलट, विचारलं नाही तरी रोज एकदा फोटोकडे बोट दाखवायची. "ही बघ तू. किती खूश आहेस."

त्या रविवारी सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मांडीवर त्याचा नातू होता. तो पार्क आता पाडणार आहेत, अशी बातमी दादाने वाचली होती.

"याला सांग ना आपण गेलो होतो ते," दादा म्हणाला. "मला आता सगळं नीट आठवत नाही. तुझं पाठ आहे."

पाठ होतं हे खरं. अठ्ठावीस वर्षं ऐकून ऐकून तिला तो दिवस, गेलेल्यांना नसेल इतका, तोंडपाठ झाला होता. तिने सांगितलं. फाटकापाशी बॅन्ड वाजत होता. आकाशपाळणा वर गेल्यावर वडिलांनी डोळे गच्च मिटले. आगगाडी बोगद्यात शिरली तशी दादाची चप्पल पडली. नातू खिदळला.

"आजी, तू घाबरली होतीस?"

"खूप," धाकटी म्हणाली.

कॉल संपल्यावर तिला एकदम इतकं एकटं वाटलं की ती उठून उगाच स्वयंपाकघरात गेली, ओटा पुसलेला होता तो परत पुसला.

दुपारी आई जेवेना. कवळी टोचत होती. ती कवळी धाकटीनेच केलेली, पण आई वाळत चालली होती, हिरड्या बसत चालल्या होत्या. दुरुस्तीसाठी धाकटीने लॅबमधली छोटी घासायची मोटर घरी आणून ठेवली होती. तिने खिडकीपाशी टेबल ओढलं. अंगात लॅबचा पांढरा कोट चढवला, भुकटी उडते म्हणून तोंडाला मास्क, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. कवळी हातात घेऊन ती टोचणारी कड शोधू लागली.

आई खुर्चीत बसून तिच्याकडे टक लावून पाहत होती. मग बोळक्या तोंडाने, परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "वेळ लागेल का हो बाई?"

धाकटीचा हात थांबला. असं आधीही एकदोनदा झालं होतं. आपण कोण ते सांगत बसलं की आई बावचळायची, रडायची. म्हणून ती मास्कमधूनच म्हणाली, "दहा मिनिटं. बसा निवांत."

आई निवांत बसली. इकडे तिकडे पाहता पाहता तिची नजर फोटोवर गेली. "आमचा फोटो आहे तो. पार्कात गेलो होतो आम्ही."

"हो का? ही पुढची मुलगी तुमची का?"

तिने ते सवयीने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. आईने दाराकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि खुर्ची पुढे सरकवली.

"तुम्ही बाहेरच्या, म्हणून सांगते. ती माझी नाही. इस्त्रीवाल्याची आहे. माझी घरी होती, तापाने फणफणलेली."

धाकटीने कवळी टेबलावर ठेवली.

"मी थांबायला हवं होतं," आई म्हणाली. "हे म्हणाले होते, तू थांब, मी पोरांना नेतो. पण मला जायचं होतं हो. मी कधी काही पाहिलंच नव्हतं. आजारी पोर दुसऱ्याच्या घरी टाकली आणि गेले. आणि तिथे गेल्यावर निदान जीव तरी लागू नये की नाही कशात? पण मजा आली मला. इतकी मजा आली! चारचार तास पोरीची आठवण नाही. फोटोत बघा, कशी हसतेय मी."

धाकटीने पाहिलं. दर रविवारी काच पुसताना ती त्या फ्रॉककडे बघत आली होती. आईच्या हसण्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मग सून आली आणि विचारलं, ही कोण. तिला काय सांगू? म्हटलं, आमची धाकटी. निघून गेलं तोंडातून. पोर दारात उभी होती, सगळं ऐकत. पण ती काही बोलली नाही. म्हटलं, चला, विसरली. सुटले." आईने पदराने तोंड पुसलं. "तेव्हापासून रोज तिला दाखवते, ही तू, ही तू. पक्कं व्हायला नको का?"

इतकी वर्षं वाट पाहिलेलं ते धाकटीच्या पुढ्यात येऊन पडलं होतं, आणि ते तिला सांगितलं गेलंच नव्हतं, दातवाल्या बाईंना सांगितलं गेलं होतं. तिला मास्क ओढून काढावासा वाटला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून, मी विसरले नव्हते गं, असं ओरडून सांगावंसं वाटलं. तिचा हात मास्कच्या दोरीपर्यंत गेलासुद्धा.

"तिला नका हं सांगू," आई घाबरून म्हणाली. "ती कामावरून येईल आता. तिला वाटतं ती आली होती."

हात खाली आला. "नाही सांगत," धाकटी म्हणाली.

आईला बरं वाटलं. पाहुण्याची विचारपूस करावी तशी तिने विचारलं, "तुम्ही पाहिलाय का हो तो पार्क?"

जन्मात पहिल्यांदा हा प्रश्न धाकटीला कुणी विचारला होता. भिंगाच्या चष्म्याआड तिचे डोळे भरून आले, समोरची आई धूसर झाली.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही नेलं कुणी."

"अगं बाई! मग ठेवा ते काम बाजूला," आई म्हणाली, आणि तिचा हात धरून तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं. "फाटकापासून सांगते."