फोडणीच्या पळीचा कानाशी काय संबंध?

मी फोडणीची पळी आहे, डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण उमेळे गावातल्या ज्या घरात मी राहते तिथे काही वर्षं हा घोटाळा चालू होता.

वसईच्या एका लोहाराने मला घडवलं. रोझलिनने बाजारातून आणलं तेव्हा तिची इनेझ रांगत होती. डाळ, आमटी, भाजी, सगळ्यांच्या अंगावर मी चुरचुरले. इथवर तक्रार नाही.

१९७८ साली इनेझ तिसरीत होती. बारा महिने सर्दी. त्यात वाडीतल्या बावखलात, म्हणजे झाडांना पाणी शिंपायच्या तळ्यात, डुंबायचं वेड. तिचे कान वाहू लागले. शेजारच्या उर्सुलाने निदान केलं, "वाहू दे गो! घान भायर पडते. लसूण टाकून तेल कडकव नि कानात ओत."

झालं! मोहरीच्या जागी लसूण आला आणि डाळीच्या जागी इनेझचा कान. ती किंचाळायची, उर्सुला तिचे पाय धरायची. ज्या घरात विरजण लावताना दुधात बोट बुडवून बघतात, तिथे माझ्यातल्या तेलात कुणी बोट घातलं नाही. कान आणखी वाहिले. मग आणखी तेल.

एकदा तिचे प्लासिड सर घरी आले. "रोझलिनबाई, पोरगी ऐकत नाही."

"घरी पण तेच, सर."

"हाक मारली तर मान वर करत नाही. दोन कानाखाली दिल्या, तरी मुजोरी जात नाही."

"आणखी द्या," इनेझचा बाप युजीन ओट्यावरून म्हणाला. "नायतर नाव काढून टाका. वाडीत भाजी खुडायला हात लागतातच."

'ऐकत नाही' आणि 'ऐकू येत नाही' यांतला फरक मराठी शिकवणाऱ्या माणसाला कळू नये? आणि कान चालत नाही म्हणून कानावरच मारायचं? एवढी अक्कल आम्हा भांड्यांनाही असते.

तेवढ्यात चहा उतरवताना रोझलिनचा धक्का लागला आणि मी खिळ्यावरून फरशीवर आदळले. ठणठणाट झाला. मांजर पळालं, सर दचकले. आमच्याकडे पाठ करून इनेझ पाटीवर बदक काढत होती. ती बदकच काढत राहिली.

रोझलिन तिच्या मागे गेली. "इनेझ," हळू म्हणाली. मग मोठ्याने. मग ओरडली.

"काय, आय?" इनेझने वळून हसत विचारलं.

डॉक्टरांनी पाहिलं. डावा कान गेलेला, उजव्याच्या पडद्याला भोक. वेळीच आणलं असतं तर, म्हणाले. तेल, थापडा, बावखल, तिन्ही बंद झाली. उजवा अर्धा वाचला. शाळा सुटली नाही, पहिला बाक मिळाला. सर मात्र फळ्याकडे तोंड करूनच शिकवत राहिले. सवय!

आता इनेझ सतरा वर्षांची आहे. परवा उर्सुला आली आणि दारात चपला काढता काढताच पुटपुटू लागली.

"मावशी, तोंड दाखवून बोल."

"माझ्या नातवाचा, एडवर्डचा, कान ठणकतो गो. पळी दे जरा."

इनेझने मला खिळ्यावरून काढून पाठीमागे धरलं. "पळी डाळीची. त्याला डॉक्टरकडे ने."

"चार बुकं शिकली नि आमाला शिकवते!" उर्सुला तणतणत गेली.

वाचकहो, आम्हाला मोहरी द्या, जिरं द्या, हिंग द्या. पोरांचे कान देऊ नका.

पण जगात मी एकटीच पळी नाही. संध्याकाळी उर्सुलाच्या घरातून करपलेल्या लसणाचा वास आला. इनेझचं नाक शाबूत आहे. तिने हातातलं पीठ तसंच टाकलं आणि अनवाणीच धावत सुटली.