तीन नंबरचा ड्रम

ड्रमला तळवा टेकला तेव्हा तिला आधी वाटलं, आपलाच हात गरम असेल.

ती रोजच्यासारखी सकाळची फेरी मारायला थंड गोदामात आली होती. तिथले दिवे सगळे पिवळे. ड्रममधल्या द्रावाला साधा पांढरा उजेडही सोसत नसे, लागला की तो घट्ट व्हायला लागे. गिऱ्हाईक कारखाने या द्रावाचा पत्र्यावर थर देत आणि उजेड पाडून हवी तेवढीच जागा कडक करून घेत. गोदाम कायम पंधरा अंशांवर. बाकीचे चार ड्रम गारठलेले, आणि तीन नंबरचा मात्र अंगात कणकण असल्यासारखा.

तिने तापमापक लावलं. एकतीस. दुसरं आणून लावलं. बत्तीस.

‘दोन्ही बिघडली असतील,’ असं ती मनाशी म्हणाली.

हे पाचही ड्रम तिचे होते, म्हणजे कल्पना तिची होती. द्राव साठवणीत टिकत नाही, तीन महिन्यांत मधासारखा दाट होतो, अशा तक्रारी येत होत्या. साहेबांनी ते काम तिच्या गळ्यात घातलं आणि सहा महिने ती हात धुवून त्याच्या मागे लागली होती. हवेनं द्राव पिवळा पडतो हे तिला दिसलं, म्हणून दाटही हवेनंच होत असेल असं तिने धरलं. मग तिने बाटल्यांतली हवा हाकलून नायट्रोजन भरला. दहा आठवडे द्राव जसाच्या तसा राहिला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि पाच मोठे ड्रम तसेच भरायला सांगितले. टोपणं गच्च आवळून.

ती प्रयोगशाळेत धावली आणि आपली वही काढून बसली. काय शोधायचंय हेच तिला ठाऊक नव्हतं. मग ते दिसलं. दर सोमवारी दाटपणा मोजायला तिने प्रत्येक बाटली उघडली होती. दहा सोमवार, दहा वेळा थोडी थोडी हवा आत. द्राव आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात रोधक घातलेलं असतं, आणि त्या रोधकाला काम करायला थोडी हवा लागते. हे ती शिकली होती, परीक्षेत लिहिलंही होतं. ड्रम कुणी उघडले नव्हते. आत हवाच नव्हती, म्हणजे रोधक असून नसल्यासारखं.

आणि एकदा द्राव घट्ट व्हायला लागला की तो तापतो. तापला की आणखी भराभर घट्ट होतो. बंद पत्र्यात.

उठून धोक्याची घंटा वाजवायची होती. ती उठली नाही. साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, कारखान्यातली साठ माणसं आवारात उभी राहून आपल्याकडे बघताहेत असं दिसलं. आणखी एकदा मोजू, मग बघू, असं करत ती बसून राहिली. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा वीस मिनिटं उलटली होती.

गोदामाच्या दारात भावोजी भेटले. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान इथले गोदामपाल होते. ही नोकरी त्यांनीच सुचवलेली.

“काय मॅडम, भूत बघितलंत की काय?” चारचौघांत ते तिला मुद्दाम असं अहोजाहो करत.

“भावोजी, तीन नंबर तापतोय. फुटेल.”

त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. “किती?”

तिने आत जाऊन तापमापक लावलं. एक्केचाळीस.

“घंटा वाजव,” ते म्हणाले. “पळ.”

तिने घंटा वाजवली. माणसं बाहेर पडली, अग्निशमन दलाला फोन गेला. परत आली तेव्हा भावोजींनी दारातून पाण्याचा पाइप तीन नंबरवर सोडला होता आणि ढकलगाडी आत नेली होती.

“बाकीचे चार इथे राहिले तर?”

“याच्या आचेनं तेही तापतील,” ती म्हणाली. “पण तुम्ही आत जाऊ नका. भावोजी, चूक माझी आहे. मला वीस मिनिटांपूर्वीच कळलं होतं. मी बसून राहिले.”

त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. “ते नंतर. आधी हे चार काढू. तू आकडा वाच, मी ओढतो.”

एक आणि दोन नंबर गेले. सत्तेचाळीस. पाच नंबर गेला. त्रेपन्न. तीन नंबरचं झाकण फुगून वर आलं होतं, आणि पत्रा मधूनच टणकन वाजत होता.

“अठ्ठावन्न! सोडा तो! भावोजी, बाहेर या!”

ते चार नंबर घेऊनच निघाले. गाडीचं चाक उंबरठ्यात अडकलं. तिने पुढून ओढलं, त्यांनी मागून रेटलं. गाडी बाहेर आली, तिने जड दार लोटलं, आणि ते पुरतं मिटायच्या आत धडाका झाला. दार भावोजींच्या अंगावर येऊन आदळलं.

धूर विरल्यावर अग्निशमनवाल्यांना आत एक उघडा ड्रम आणि पिवळट, दगडासारखा गोळा सापडला. झाकण छतात रुतलं होतं. बाहेर काढलेल्या चार ड्रमांची टोपणं तिने स्वतः, उजेड लागू नये म्हणून ताडपत्रीखाली, सैल केली. नळीने हळूहळू कोरडी हवा सोडली, जादा रोधक घातलं. तीन नंबरच्या आचेनं तेही कोमट झाले होते, दुपारपर्यंत निवले.

इस्पितळात भावोजींचा खांदा बांधलेला होता आणि डाव्या कानाला काही ऐकू येत नव्हतं. “मी ओरडतोय का गं?” असं ते इतक्या मोठ्याने विचारत होते, की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला.

ताई बाहेर बाकावर बसली होती. तिने ताईला वीस मिनिटांचं सगळं सांगितलं.

“ह्यांना माहीत आहे?”

“हो. आत जायच्या आधीच सांगितलं.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, आधी हे चार काढू.”

ताईला हसू फुटलं आणि त्यातूनच रडू. मग ती कडक आवाजात म्हणाली, “मी आज तुझ्याशी नीट बोलू शकणार नाही. उद्याही नाही. पण साहेबांना सांग. ह्यांच्या कानाचं कारण अहवालात खोटं लिहिलेलं मला चालणार नाही.”

तिने सांगितलं, वीस मिनिटांसकट. साहेबांनी ऐकून घेतलं आणि आपणही मोठे ड्रम भरायची घाई केली, हे कबूल केलं. तिची नोकरी राहिली, बढती गेली. पूर्वी ड्रम काठोकाठ भरत, आता वरती हवेची जागा सोडतात आणि द्राव आठ महिने टिकतो. भावोजींचा कान अर्धा परत आला. ताई चौथ्या आठवड्यात फोनवर बोलली, आणि तेही फक्त “जेवलीस का?” एवढंच. ती “हो” म्हणाली. जेवली नव्हती.