स्तुदेनाच्या पुलावरचा सिव्को

मित्रांनो, मी एक म्हातारं खेचर आहे. अंग करडं, म्हणून नाव सिव्को, म्हणजे आमच्या भाषेत करड्या. बाल्कनच्या डोंगरातला आमचा देश एवढासा, की नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल. तिथं स्तुदेना नदीच्या वरच्या अंगाला, एका गोठ्यात माझा जन्म झाला. पाठीवर लाकडी खोगीर चढलं तेव्हापासून मी गवत, चीज आणि मिठाच्या गोण्या वाहत आलो. माझी मालकीण स्तानामावशी. नवरा गेल्यावर तिनं गायी विकल्या, मला मात्र ठेवलं.

एका वसंतात नदीवर काही माणसं आली. नदीचं पाणी मोठ्या नळात घालून खाली वीज करायची, असं ती म्हणाली. मग पात्रात काय उरणार, असं मावशीनं विचारलं, तर त्यांचा साहेब मोबाइल बघू लागला. दुसऱ्या दिवसापासून गावच्या बायका पुलावर बसल्या. यंत्रांची वाट अडवायला मला आडवा उभा केला. मी जागचा हललो नाही. माझी खूप स्तुती झाली. खरं सांगायचं तर समोर ताजं गवत टाकलं होतं.

तिथंच वुकोता आला. राजधानीतला तरुण वकील, पायात पातळ बूट. बायकांचा खटला तो लढला आणि मावशीच्या स्वयंपाकघरात बाकावर झोपला. पोलिसांनी मावशीला दंडाला धरून फरफटवलं, तेव्हा तो मध्ये पडला. त्याचा चष्मा फुटला, ओठ फाटला. ते चित्र देशभर गेलं, नदीवरचं काम थांबलं, आणि वुकोता निवडणुकीला उभा राहिला.

गाडी जात नाही अशा वस्त्यांवर मीच त्याला नेलं. न्यायालयं स्वच्छ करीन, पोलिसांना माणसात आणीन, नद्या वाचवीन, असं तो सांगायचा. एक म्हातारा म्हणाला, "आज खेचरावरून आलास. निवडून आल्यावर हेलिकॉप्टरातून हात हलवशील." सगळे हसले. वुकोताही हसला.

तो जिंकला, पंतप्रधान झाला. मावशीसोबत मला ट्रकमधून राजधानीत नेलं, माझ्या गळ्यात झेंडा बांधला. मुलांनी मला साखर भरवली. मग सगळे नाचत पुढं गेले आणि मी चौकातल्या दिव्याच्या खांबाला बांधलेला राहिलो. मावशी माझ्यासाठी बादलीभर पाणी मागत दारोदार फिरत होती.

पुढच्या शरदात नळ पुन्हा आले. त्यांच्याआधी वुकोता आला. पुलापर्यंत काळ्या गाडीतून, वर पायी. मावशीनं सवयीनं कॉफी ठेवली. त्यानं लपवाछपवी केली नाही, एवढं मी म्हणेन. सरकारातला एक लहान पक्ष हा प्रकल्प झालाच पाहिजे म्हणून अडून बसला होता. त्यानं पाठिंबा काढला तर सरकार पडणार, सगळ्या सुधारणा अर्धवट राहणार.

"मावशी, एक नदी दिली तर बाकीचं सगळं वाचतं."

"ती तुझी होती का रे, द्यायला?"

तो कप फिरवत राहिला. "जुने लोक परत आले तर तुम्हालाच पुन्हा फरफटवतील."

"फरफटवतील. तेव्हा तू मध्ये पडशील?"

तो कप खाली ठेवून उठला. जाताना माझ्या मानेवर हात ठेवला. त्याचा हात गार होता.

बायका पुन्हा पुलावर बसल्या. पोलीस आले. या वेळी कुणी कुणाला फरफटवलं नाही. "मावशी, जपून. पाय सांभाळा," असं म्हणत दोघांनी तिला अलगद उचललं आणि रस्त्याच्या कडेला ठेवलं. पोलीस खरोखरच सुधारले होते.

आता पात्रात पांढरे दगड दिसतात. माझ्या गुडघ्यांत जोर नाही, तरी मावशी रोज माझे खूर साफ करते, खोगिरानं पाठ सोलली आहे का बघते. परवा खूर खरवडताना ती म्हणाली, "तुझ्याकडे रोज बघितलं, सिव्को. त्याला मात्र निवडून दिलं आणि आम्ही घरी आलो."

मित्रांनो, ज्याला निवडून द्याल त्याच्याकडेही रोज बघा. नाचून झालं म्हणून घरी जाऊ नका.