कोरी सुरुवात

ग्रामोफोनच्या सुईचं टोक तबकडीच्या पहिल्या रेषेत उतरलं, हे पुंजा मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलं... मधलं लाल कागदी वर्तुळ गरगरत होतं, आणि आवाज नव्हता. असेल, सुरुवात कोरी असेल — मांडीवरच्या कागदावर पेन्सिल टेकवून ते वाट पाहत राहिले, जशी ते हल्ली सगळ्यांचीच पाहत. कोणी बोललं की आधी ओठांची, मग चेहऱ्याची, मग अंदाजाची. दिवसभर असा अंदाज बांधून संध्याकाळी अंगात काही उरत नसे.

मग व्हायोलिनं आली, पांघरुणाखालून आल्यासारखी, आणि त्यांनी घाईघाईने पहिला स्वर लिहिला.

बोहेमिया नावाच्या कुठल्याशा देशातल्या माणसाची ही रचना. परक्या बादशहाच्या अंमलात राहून त्याने आपल्या नदीवर, डोंगरांवर केलेली. दिवाणसाहेबांनी मुंबईहून तबकड्यांचा अख्खा संच आणवला होता, आणि त्यातला नदीचा तुकडा दसऱ्याला जव्हार संस्थानच्या बँडने वाजवायचा होता. "तुम्ही एकदा ऐकलंत की झालं, मास्तर" असं ते म्हणाले होते, आणि वीस वर्षं हे खरंच होतं. वर दिवाणसाहेब हसून म्हणाले होते, हे लिहिलं तेव्हा तो ठार बहिरा होता म्हणे. मास्तरही हसले होते. लिहील की... लिहिताना समोर कोणी नसतं. मला चौदा माणसं एका तालात धरायची असतात. आणि बँड सुटला की संस्थानची खोली सुटली. मग परत गावी दाभोशाला, भावाच्या नाचणीच्या शेतात, या गुडघ्यांनी?

तबकडी संपली. समोर नवसू बसला होता — जामसरचा, चाळिशीचा, बँडातला बासरीवाला.

"सुरुवात कोरी आहे," मास्तर म्हणाले. "नीट भरलेली नाही."

नवसूने उठून चावी दिली, सुई पुन्हा पहिल्या रेषेत ठेवली, आणि बासरी ओठांना लावली. त्याची बोटं भराभर चालू लागली. तो हळू फुंकत होता की नुसतीच बोटं चालवत होता, हेही मास्तरांना कळेना. बोटं बराच वेळ चालली... ती मंदावली, तेव्हा कुठे व्हायोलिनं आली. सुरुवात कोरी नव्हती, बासरीची होती.

नवसू अगदी समोर सरकला आणि ओठ दिसतील असा सावकाश बोलला, "मास्तर, शिमग्यापासून आमाला ठावं आहे."

"आमाला म्हणजे?"

"सगल्यांना. तुमचा हात खाली आला का पयला सूर मी धरतो. बाकीचे माज्याकडं बघतात."

राग यायला हवा होता. रागाला लागतं तेवढं बळ मास्तरांकडे नव्हतं. शिमग्यापासून ते ऐकल्याचं सोंग करत होते, आणि समोर चौदा माणसं न कळल्याचं... रोज, तालमीत, दरबारात. आपण एकटेच दमतो आहोत, असं त्यांना वाटत आलं होतं.

चार वाजता दिवाणसाहेब लिहून झालं का, ते विचारायला येणार होते. काय सांगायचं, ते ठरत नव्हतं. त्यांनी कागद आणि पेन्सिल नवसूपुढे सरकवली; तो खाली मान घालून ती सुरुवात लिहू लागला. मास्तर मागे टेकले. न ऐकणाऱ्या माणसाने चारचौघांत कसं बसायचं असतं, ते त्यांना अजून माहीत नव्हतं.