निर्जन म्हणे!

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे, म्हणजे कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसतो तो तीन पायांचा स्टँड. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना उसासे टाकावेत अशी तुमची अपेक्षा असेल. ते मला जमणार नाही. माझ्या डोक्यात एका फोटोचं नाव बसलं आहे आणि ते आठवलं की माझे तिन्ही पाय थरथरतात. ट्रायपॉडचे पाय थरथरणं चांगलं नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. त्याने चांगलं मुरलेलं लाकूड निवडलं, तासलं, घासलं, आणि शेजारच्या तांबटाकडून पितळेचे स्क्रू आणि टोकं बसवून घेतली. डोक्यापाशी एक छोटी पाणसळ बसवली. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की मी सरळ उभा आहे, असं समजायचं. "वजनदार झालाय," सुतार म्हणाला, "पण वाऱ्याला दाद देणार नाही." एवढीच काय ती माझ्या बालपणातली शाबासकी.

मला विकत घेतलं ते इमारतींचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांनी. नवी इमारत उभी राहिली की ते मला खांद्यावर टाकून निघत. फोटोत ते नेहमी एक माणूस उभा करत, कधी गवंडी, कधी पहारेकरी. म्हणत, "माणूस दिसल्याशिवाय भिंतीची उंची कळत नाही." फोटोच्या मागे पेन्सिलने लिहीत: तारीख, रस्ता, आणि गवंड्याचं नाव. झालं त्या फोटोचं नामकरण! मी त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं उभा राहिलो.

मग त्यांचा मुलगा फोटोग्राफर झाला. त्याचा हात चांगला होता, हे मी रागातसुद्धा कबूल करतो. इमारतीच्या उभ्या रेषा उभ्याच आल्या पाहिजेत म्हणून तो माझा बुडबुडा पाच-पाच मिनिटं न्याहाळायचा. सावली खिडकीच्या कडेला नेमकी टेकेपर्यंत तासभर बसायचा. पण त्याला माणूस चालत नसे. माणूस आला की म्हणे फोटोतला भाव मोडतो. मग मान वर करून तो हाक द्यायचा, "जरा बाजूला व्हा!" आणि लोक बिचारे व्हायचे.

आणि त्याची नावं! एका साध्या जिन्याच्या फोटोला ‘शून्याकडे’. पाण्याच्या टाकीला ‘मौन क्रमांक दोन’. एका बंद दुकानाच्या शटरला ‘अनंत’. त्या शटरमागे दुकानदार जेवायला बसला होता, अडीच वाजता अनंत उघडलं आणि गिऱ्हाईकं आत गेली. त्याची बायको फोटोंच्या याद्या करायची. ती विचारायची, "अहो, जिन्याला नुसतं ‘जिना’ म्हटलं तर?" तो तिच्याकडे असा बघायचा, जणू तिने लेन्सवर बोट ठेवलं.

मध्ये काही वर्षं त्याने चकचकीत, हलका ट्रायपॉड आणला आणि मला दाराआड उभं केलं. माझ्यावर छत्र्या लटकल्या, पिशव्या लटकल्या, एकदा तर ओला टॉवेल. माझ्या मागच्या पायाचा स्क्रू तेव्हाच ढिला झाला. त्या नव्या ट्रायपॉडने एके दिवशी वाऱ्यात मान टाकली, तेव्हा साहेबांना माझी आठवण झाली. मला पुसलं, पण स्क्रू काही कोणी आवळला नाही.

आता त्या फोटोकडे येतो.

तीन मजल्यांची, मधे फरशीचा चौक असलेली एक जुनी इमारत होती. चौकाच्या तीन बाजूंनी लांब गॅलऱ्या, गॅलऱ्यांत दारं, आणि त्या दारांमागे बावीस बिऱ्हाडं. आम्ही सकाळी अकराला पोहोचलो. चौकात दोन मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, एक बाई बादल्या भरून नेत होती, पहिल्या मजल्यावर कोणीतरी कोणालातरी साबणावरून झापत होतं. गॅलऱ्यांमधून कपडे वाळत होते.

"कपडे काढायला सांगता का जरा?" फोटोग्राफरने चौकात बसून काज करणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्या तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करायच्या. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणायची.

"ओले आहेत अजून," मावशी म्हणाल्या.

"दहा मिनिटांचं काम आहे. इमारत सुंदर आहे हो तुमची."

सुंदर म्हटल्यावर मावशी विरघळल्या. त्यांनी हाका मारून तिन्ही मजल्यांवरच्या दोऱ्या रिकाम्या करवल्या. जे उभे होते त्यांना फोटोग्राफरने बाजूला व्हायला लावलं. तोपर्यंत मुलींनी त्याचं नाव ठेवलं होतं, ‘जराबाजूला’. "ए, जराबाजूला बघतोय आपल्याकडे!" असं म्हणून त्या खिदळत होत्या.

पण चौकातली ये-जा कशी थांबवणार? त्यासाठी त्याच्याकडे युक्ती होती. लेन्सवर एक काळी काच चढवायची आणि लेन्स चार मिनिटं उघडी ठेवायची. भिंती, खांब, जिने जागच्या जागी असतात, ते उमटतात. चालणारा माणूस कुठेच थांबत नाही, म्हणून तो उमटतच नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माणूस चौक ओलांडून जातो आणि फोटोत त्याचा मागमूस नसतो.

काच चढली आणि वारा सुटला. माझा मागचा पाय डगमगू लागला. "मावशी, एवढा पाय धरता का घट्ट?" तो म्हणाला. मावशींनी काज बाजूला ठेवलं, खाली बसकण मारली आणि दोन्ही हातांनी माझा पाय धरला. सुईने टोचून खरखरीत झालेली बोटं होती ती. चार मिनिटं त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला. समोरून बादलीवाली बाई गेली, पोस्टमन आला आणि गेला, उड्या मारणाऱ्या मुली चौकभर पळाल्या. मी सगळं पाहिलं. कॅमेऱ्याला चौकट असते, मला नाही.

घरी गेल्यावर फोटो पडद्यावर आला. रिकामा चौक, रिकाम्या गॅलऱ्या, बावीस बंद नाहीतर अर्धवट लोटलेली दारं, वरून येणारा राखाडी उजेड. मांडणीत खोट काढायला जागा नव्हती. फोटोग्राफर खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "‘निर्जन’."

"अहो, माणसं राहतात की तिथे!" त्याची बायको म्हणाली.

"मी भावाला नाव देतोय गं, इमारतीला नाही."

"बघणाऱ्याला ते कसं कळणार?"

तो हसला. तुम्हाला सांगतो, मला त्या हसण्याचा इतका संताप आला! ज्या इमारतीला हा निर्जन म्हणत होता, तिथलीच बाई माझा पाय धरून बसली म्हणून तो फोटो हलला नव्हता.

फोटोला बक्षीस मिळालं. पेपरात अर्धं पान छापून आला. खाली कोणा विद्वानाने लिहिलं, ‘ज्या वास्तूला तिच्या माणसांनी कधीच सोडलं आहे, तिचं हे विदीर्ण मौन.’ विदीर्ण मौन म्हणे! साबणावरून काय आरडाओरडा चालला होता तो मी ऐकला होता.

दोन महिन्यांनी मावशी आमच्या दारात आल्या. हातात पेपराचं ते पान होतं, घडीवर फाटलेलं. त्या आत आल्या पण बसल्या नाहीत.

"इमारतीच्या मालकाने हे नगरपालिकेच्या कचेरीत लावलंय," त्या म्हणाल्या. "अर्जाबरोबर. म्हणतो, इमारतीत कोणी राहत नाही, नुसती कुलपं लावून जागा अडवलीये, पाडायची परवानगी द्या. आम्ही कागद दाखवले तर म्हणतो, कागद कोणीही दाखवेल, माणसं कुठायत? भर दिवसाचा फोटो आहे, त्रयस्थ माणसाने काढलेला."

"मावशी, मी फोटो काढला, अर्ज नाही केला."

"मग एवढंच लिहून द्या, की माणसं होती. तुम्हीच बाजूला केलीत."

फोटोग्राफर म्हणाला, "असं लिहिलं तर लोक म्हणतील फोटो बनावट आहे. बक्षीस काढून घेतील. माझं नाव जाईल."

"तुमचं नाव जाईल," मावशी म्हणाल्या. "आमचं घर जातंय."

त्या गेल्या. त्यांच्यामागे दार लावून त्याची बायको वळली आणि त्याला एवढंच म्हणाली, "सासरे असते तर त्यांनी फोटोच्या मागे बावीस नावं लिहिली असती." मग ती त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. मीही बोललो नसतो, पण मी एरवीही बोलत नाही, त्यामुळे त्याला फरक कळला नाही.

तिचा अबोला चार दिवसांत सुटला, पण त्याला मन घट्ट करायला पुरते पाच आठवडे लागले. तो रोज बक्षिसाचं मानचिन्ह पुसायचा आणि पुन्हा जागेवर ठेवायचा. शेवटी कचेरीतून अधिकारी पाहणीला येणार असं कळलं, त्या सकाळी त्याने मला खांद्यावर घेतलं. आणि हो, निघण्यापूर्वी माझा मागचा स्क्रू आवळला.

चौकात सगळी बिऱ्हाडं जमली होती. मालकाचा माणूस पांढऱ्या बुटांत उभा होता. अधिकारी बाई चष्म्याआडून सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "आज तुम्ही जमलात, ठीक आहे. पाहणी आहे म्हटल्यावर कोणीही जमेल. पण हा फोटो काढला तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती. त्यात एक माणूस नाही."

"मॅडम, तो फोटो मी काढलाय," फोटोग्राफर पुढे आला. "चार मिनिटं मागतो. तुम्ही म्हणाल तर तो कसा काढला ते दाखवतो."

त्याने मला त्याच फरशीवर, त्याच कोनात उभं केलं आणि काळी काच चढवली. "तुम्ही चौकात फेऱ्या मारा, मॅडम. थांबू मात्र नका. बाकीच्यांनी पण चालत राहा."

अधिकारी बाई फाईल छातीशी धरून चालू लागल्या. त्यांच्यामागे जमलेली सगळी बिऱ्हाडं चालली. मालकाच्या माणसाला मुलींनी हात धरून ओढलं, तोही चालला. चार मिनिटं तो चौक नुसता गजबजला होता.

मग सगळे कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती गोळा झाले. पडद्यावर चौक होता. खांब होते, जिने होते, फरशीवर थोडासा धूसरपणा होता. माणूस एकही नव्हता.

"मी कुठे आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"तुम्ही पण कुलूप लावून दुसरीकडे राहता वाटतं!" मावशी म्हणाल्या, आणि सगळा चौक हसला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेपरातला फोटो पुन्हा समोर धरला. "चालणारी माणसं पुसली गेली, मान्य. पण दोऱ्यांवर एक कपडा नाही. कपडे काही चालत नाहीत."

फोटोग्राफर खाली बघत होता. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "कपडे मी काढायला लावले," तो म्हणाला. "ओले होते. उभी होती ती माणसंही मीच बाजूला केली. आणि नाव... नावही मीच दिलं."

"लिहून द्याल?"

"देतो."

त्याने माझ्या डोक्यावर कागद ठेवून तिथेच लिहून दिलं. महिन्याभरात निकाल आला. इमारत राहती आहे, परवानगी नाकारली आहे. बक्षीसही परत गेलं, पेपरात चार ओळी छापून आल्या, पाठीमागच्या पानावर, बारीक अक्षरांत.

मित्रांनो, ही कहाणी इथे संपली असती तर मी आज असा तडकलेलो नसतो.

निकालानंतर फोटोग्राफर हसतमुखाने मला घेऊन तिथे गेला. सगळ्यांचा एक फोटो काढायचा, कपड्यांसकट, असं त्याच्या मनात होतं. मावशी जिन्यात भेटल्या. त्यांनी आभार मानले नाहीत. म्हणाल्या, "या माझ्याबरोबर."

दुसऱ्या मजल्याच्या टोकाला एक दार होतं. त्याला नवं कोरं कुलूप होतं, मालकाचं. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहायचे. जागा सोडा अशी मालकाची दुसरी नोटीस आली तेव्हाच त्यांनी खोलीची किल्ली मालकाला दिली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे गेले.

"मी म्हटलं, काका, थांबा थोडे दिवस," मावशी सांगत होत्या. "तर म्हणाले, पेपरात छापून आलंय, इथे कोणी राहत नाही. आता आपण कोणाकोणाला सांगत बसणार? एक्केचाळीस वर्षं राहिले इथे. परवा निकाल कळल्यावर मुलीबरोबर आले होते. दार बघून परत गेले. काका म्हणतात, एकदा किल्ली दिली की दिली."

फोटोग्राफरने मला खांद्यावरून खाली उतरवलं.

"काढा की फोटो," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण माझ्यासारखाच त्यांनाही राग आला होता, हे मला कळलं. "इथे कोणाला बाजूला व्हा म्हणायला नको."

त्याने माझे पाय उघडले. बुडबुडा मधोमध आणला. कॅमेरा बसवला, डोळा लावला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग त्याने कॅमेरा काढला आणि मला मिटलं. त्या खोलीत काकांना परत आणेल अशी कुठलीही युक्ती त्याच्याकडे नव्हती.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू नीट पुसून ठेवा, स्क्रू वेळेवर आवळा, हे सगळं मी सांगायला हवं. ते तुम्ही कराल तेव्हा करा. पण तुमच्या हातात हल्ली सदानकदा कॅमेरा असतो, आणि फोटोखाली दोन शब्द लिहायची तुम्हालाही घाई असते. एखादी गल्ली, एखादी इमारत तुम्हाला फार शांत, फार ओसाड, फार सुंदर वाटेल. खुशाल काढा फोटो. मात्र नाव देण्याआधी तिथल्या एका दारावर थाप मारा. आणि आतून कोणी "कोण आहे?" असं विचारलं, तर मनातलं नाव तिथेच टाकून द्या आणि आधी त्या माणसाला सांगा, तुम्ही कोण आहात आणि त्याच्या दारात काय करत होतात.