आतून कडी

"काका, कुणी विचारलं तर बाई घरात नाही म्हणून सांगा हं!" खिडकीचा पडदा घाईघाईने सोडत ती म्हणाली, आणि बाथरूममध्ये शिरून तिने आतून कडी घातली.

काका म्हणजे तिचे पेशंट. उभा जन्म वकिली केलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं, पण डोळ्यांतला मिश्कीलपणा तसाच होता. मुलगा आणि सून कामावर गेले की दिवसभर घरात ही दोघंच. खोटी साक्ष द्यायला मिळणार म्हणून म्हातारा चक्क खूश झाला.

जिना चढत होती ती पावतीमावशी. तीही हिच्यासारखीच घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करणारी, पण आपल्या सुट्टीच्या दिवशी युनियनची वर्गणी गोळा करत हिंडायची, म्हणून बायकांनी हे नाव पाडलेलं. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा, जड पेशंट उचलायला जोडीला दुसरी बाई, हे सगळं तिने आणि तिच्यासारख्यांनी या बायकांना घरोघरी कामावर पाठवणाऱ्या एजन्सीच्या दारात ठिय्या मारून मिळवलेलं. आणि ही आत लपलेली शहाणी? एजन्सीचा साहेब गोड बोलून म्हणाला, वर्गणी काही सक्तीची नाही, सवलती तर सगळ्यांनाच मिळतात, मग उगाच पगारातले पैसे कशाला घालवता? हिने लगेच सही ठोकली आणि युनियनमधून नाव काढून घेतलं. सुट्टी हवी, रजा हवी, वर्गणी तेवढी नको! बरं, केलं ते केलं. मावशीच्या तोंडावर सांगायची तरी छाती हवी ना? तीही नव्हती.

दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी आत आली.

"काका, बाई कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"बाहेर."

झालं, इथेच सगळा घोळ झाला. पेशंटला एकटं टाकून उंबरा ओलांडायचा नाही, हे या कामातलं पहिलं पथ्य. लपायच्या गडबडीत हिला त्याचाच विसर पडला. मावशीला कसा पडेल?

"तुम्हाला असं एकटं टाकून? अगंबाई! मग मी बसते बाई ती येईपर्यंत. तुम्हाला सोडून कशी जाऊ?"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आत हिने कपाळावर हात मारून घेतला. आता ही बया हलायची नाही आणि आपल्याला बाहेर पडता यायचं नाही. बादलीशेजारी अंग चोरून ती उभी राहिली.

थोड्या वेळाने काकांची हाक आली. "बाई..."

ती हाक हिला पाठ होती. अंथरूण ओलं झालं की काका असेच हाक मारायचे, हळू, भिंतीकडे तोंड करून. पोटच्या मुलालाही ते अशा वेळी जवळ येऊ देत नसत. सुरुवातीला तिलाही देत नव्हते. तिने कधी घाई केली नाही, कधी नाक मुरडलं नाही, तेव्हा कुठे त्यांनी पांघरूण धरून ठेवलेला हात सोडला होता.

"ओलं झालं होय? होऊ दे, त्यात काय! मी बदलते," मावशी म्हणाली.

"नको. बाई!"

"ती नाहीये ना काका. मी पण हेच काम करते. लाजू नका."

"नको... नको... बाई!"

हिचा हात कडीवर गेला. नुसती सरकवायची होती. पण बाहेर पडून सांगायचं काय? बाथरूममधून निघालेलं आपलं तोंड मावशीला दाखवायचं कसं? स्वतःची इतकी किळस तिला जन्मात कधी आली नव्हती. तरी कडी काही तिने काढली नाही.

पावलं बाथरूमपाशी आली. पाण्यासाठी असणार. दार ढकललं गेलं आणि कडीला अडलं. मावशी तिथेच थबकली. मग पावलं मुकाट्याने वळली आणि स्वयंपाकघरातला नळ सुटला.

काकांचं "नको" थांबलं होतं. आता नुसतं हुंदके गिळल्यासारखं ऐकू येत होतं, आणि मधूनमधून मावशीचं, "झालं हं, झालंच."

"काका, ती आली की तिला सांगा," शेवटी मावशी जरा मोठ्याने म्हणाली. "मी वर्गणीसाठी नव्हते आले. नाव काढलंय ते आम्हाला केव्हाच कळलंय. पेशंट उचलताना तिचा गुडघा गेला होता ना, त्याच्या औषधपाण्याचा खर्च द्यायला एजन्सी कबूल झाली. आम्हीच भांडायला घेतलेलं प्रकरण, मध्येच कसं सोडायचं? एवढंच सांगायचं होतं. येते मी. मी गेले की ती येईलच."

दार लागलं. जिन्यावरची पावलं विरली तेव्हा ती बाहेर आली.

चादर बदललेली होती, सुरकुतीसुद्धा नव्हती. काकांना कोरडे कपडे घातलेले होते. बोट ठेवायला जागा नव्हती.

"काका, चुकलं हो माझं," ती म्हणाली. काकांनी वळून पाहिलं नाही. डोळ्यांतलं पाणी उशीवर ओघळलं होतं. ते टिपायला ती वाकली तशी त्यांनी डाव्या हाताने पांघरूण गच्च धरून गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

ती तशीच पलंगाशेजारी खाली बसली. मुलगा-सून यायला अजून पुष्कळ अवकाश होता, आणि तोवर अंथरूण पुन्हा ओलं होणार होतं.