बिनचोचीच्या कबुतरांची ङातू

मित्रांनो, मी एक जुनी ङातू आहे. तुमच्या मुळाक्षरांत 'ङ' नावाचं एक अक्षर आहे. ते तुम्ही लहानपणी पाठ करता आणि मग जन्मभर बेकार ठेवता. आमच्या टोंगा बेटांवर त्याला कायमची नोकरी आहे.

मी झाडाच्या सालीचं कापड. माझा जन्म मार खाऊन झाला. अकरा बायकांनी गाणी म्हणत मला लाकडी मोगऱ्यांनी कुटलं. तुमचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो, त्याच कंदाच्या खळीने माझे तुकडे जोडले. मग त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने तपकिरी रंगाने माझ्यावर वीस कबुतरं काढली. त्यानंतर तिचे हात थरथरू लागले आणि तिने मोगरी ठेवून दिली. मी तिचं शेवटचं काम.

मौल्यवान वस्तूचं आमच्याकडे एकच करतात. घडी घालून गादीखाली ठेवतात. म्हातारीचा मुलगा विलियामी एकशे तीस किलोचा आहे आणि स्वभावाने फार प्रेमळ. एकोणीस वर्षं त्याने मला झोपून जपलं. मला उघडून मात्र कुणी पाहिलं नाही.

पाहिलं ते फक्त कसरीने. हे चंदेरी, बिनपंखी, तीन शेपट्यांचे किडे. मला त्यांचं मोठं कुतूहल वाटे. पाय मोजायला जावं तर पळून जात. ते मला खात, याचं वाईट वाटे. पण सगळीकडे का खात नाहीत, हे कोडंच होतं. जोडाजवळ कुरतडत आणि मधली साल तशीच सोडून देत. खाणाऱ्याने निदान आवड तरी सांगावी!

मग विलियामीच्या मुलीचं, लेसिएलीचं लग्न ठरलं. तीन आठवड्यांनी मला नवऱ्याच्या घरी आहेर म्हणून जायचं होतं. गादी उचलली आणि मला उलगडलं. जोडांवर भोकं पडली होती आणि तिथल्या आठ कबुतरांना चोची नव्हत्या.

"आजीची शेवटची ङातू," लेसिएली म्हणाली आणि खालीच बसली.

विलियामीची थोरली बहीण तोआकासे पुढे झाली. मित्रांनो, आमच्याकडे आत्या म्हणजे घरातलं सर्वोच्च न्यायालय. तिथे अपील नसतं.

"रडताय काय? खळ शिजवा. भोकं बुजवा."

बुजवली. सकाळी ठिगळांच्या कडेला नवी भोकं.

"खळ पातळ झाली. घट्ट शिजवा!"

घट्ट शिजवली. त्यांना ती जास्त आवडली. दिवसभर आत्या कसर भरून काढी आणि खळ कोरडी व्हायच्या आत कसर हजर. माझं कोडं सुटलं होतं. पण कापडाचं कोण ऐकतं?

लेसिएलीलाही ते सुटलं. "बाबा, त्यांना खळच हवी असते. आपण पंगत वाढतोय."

"मग जा, सांग आत्याला."

"तुम्ही सांगा ना. तुमची बहीण आहे."

"मला अजून जगायचंय," विलियामी म्हणाला.

मग लेसिएलीने मुरंब्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. किड्यांना चढायला सोपं जावं म्हणून बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळली. आतली काच गुळगुळीत. पडला तो बाहेर येणार नाही. एकीत काकडीची साल टाकली, दुसरीत आत्याच्या खळीचा गोळा. दोन्ही माझ्या शेजारी ठेवल्या.

सकाळी तिने बरण्या आत्यापुढे नेल्या. "आत्या, काकडीकडे एकच आला, तोही बहुधा वाट चुकून. तुमच्या खळीला सतरा जण. तुमच्या हाताची चव किड्यांनाही कळते हो!"

आत्याने बरणी उजेडात धरली. सतरा चंदेरी पाहुणे काचेवरून घसरत होते. विलियामीने डोळे मिटून घेतले.

मग बरणी खाली ठेवून आत्या म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून सांगत्येय, खळ बंद करा. या घरात माझं कोण ऐकतं?"

"चुकलंच आमचं," विलियामी घाईघाईने म्हणाला.

मग मला नारळाच्या काथ्याच्या कुंचल्याने झाडलं आणि फणसाच्या सावलीत वाऱ्यावर पसरलं. एकोणीस वर्षांनी मला आकाश दिसलं. ते अजून निळंच होतं. ओलसर भिंतीपासून पलंग हलवला, फटी झाडल्या, खोलीच्या चारी कोपऱ्यांत खळीच्या बरण्या ठेवल्या. मला घडीत लवंगा मिळाल्या. बरण्या रोज रिकाम्या करत. दोन आठवड्यांनी त्यांत कुणी येईना. मग उरलेली भोकं बुजवून मला लगेच खडखडीत वाळवलं. चोची रंगवायच्या मात्र राहूनच गेल्या.

लग्नात नवऱ्याकडच्या आत्याबाई माझ्यावर वाकल्या. त्याही सर्वोच्च न्यायालयच. त्यांचं बोट एका ठिगळावर थांबलं.

"अगं बाई! ह्या कबुतरांना चोची नाहीत?"

आमची तोआकासे शांतपणे म्हणाली, "आमच्या घरची कबुतरं वडीलधाऱ्यांसमोर बोलत नाहीत. तुमच्याकडची बोलतात का?"

मग आत्याबाई पोट धरून हसल्या आणि सगळ्यांसमोर माझ्यावर ऐसपैस बसल्या. यापेक्षा मोठा मान आम्हाला नसतो.

आता मी लेसिएलीच्या नव्या घरी असते. कोपऱ्यात खळीची बरणी असते. दर महिन्याला ती मला वाऱ्यावर उलगडते आणि बिनचोचीची कबुतरं मोजते, आठच भरतात. मित्रांनो, तुमच्याही घरी गादीखाली, कपाटात, पेटीच्या तळाशी कुणीतरी निपचित असेल. त्याला अधूनमधून उघडून पाहा. इतकंही जपू नका, की त्याचं कौतुक करायला फक्त कसरच उरेल.